स्पेनचा ड्राफ्ट्समन आणि खांबेटे

खांबेटे गेल्याचं मला कळलं तेव्हा मी बहारीनमधल्या तुबली भागातल्या एका गॅरेजमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून गाडीच्या एसीचं काम होण्याची वाट बघत होतो. इथल्या मराठी मंडळाच्या कुलकर्णींचा फोन आला. ‘‘दिघे, बसलायत ना? खांबेटे गेले हो. सकाळी ऑफिसला निघाले आणि लिफ्टपाशी खाली बसले ते बसलेच.’’ मी ‘‘अरे बाप रे’’ की असंच काहीतरी म्हणालो, फोन ठेवला आणि लगेच दुसरा फोन लावला. तो खांबेटेलाच. यात मला विनोद करायचा नाही. गेली सदतीस-अडतीस वर्षं बहारीनमध्ये कुणाचं काहीही झालं, नोकरी गेली, मुलगी झाली, हायवेवरचं वळण बंद झालं, तरी ते मी आधी खांबेटेला सांगत आलो होतो. बोट आपोआप त्याच्याच नावावर गेलं. रिंग वाजली, कुणीतरी फोन उचलला आणि मी म्हणालो, ‘‘अरे, ऐकलंस का, खांबेटे...’’ तिथे माझं घोडं अडलं. पलीकडे त्याची बायको होती, नीलिमावहिनी. त्या अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, ‘‘भाऊजी, तुम्ही आधी इकडे या.’’ गाडीचं बॉनेट उघडं, मेकॅनिक ‘‘पाँच मिनिट, साब’’ म्हणतोय, आणि मला जायचंय हे मी त्याला सांगतोय, पण कुठे आणि कशाला हे काही तोंडातून बाहेर पडत नव्हतं. शेवटी गाडी तिथेच टाकून टॅक्सी केली.

त्याला आता काही आठवडे झाले. एवढ्या जवळचं कुणी गेलं की आपण रडतो, हळूहळू सावरतो आणि मग शांतपणे चार आठवणी लिहून काढतो, अशी माझी कल्पना होती. तसं काही झालेलं नाही. मी रडलो नाही, सावरलोही नाही, नुसता गोंधळून बसलो आहे. आणि या गोंधळाला एक ठरावीक कारण आहे. खांबेटेच्या मुलीने, मुक्ताने, मला एक प्रश्न विचारला. तिच्या बापाला तिचं नाचणं आवडत होतं की नव्हतं, एवढाच प्रश्न. जगात त्याचं उत्तर देऊ शकेल असा मी एकटाच उरलो आहे असं तिला वाटतं. मी उत्तर दिलं. ते खरं होतं की वेळ निभावून नेण्यासाठी मी रचलं, हे मला अजून कळलेलं नाही. लिहिता लिहिता कळलं तर बघावं, म्हणून बसलो आहे.

अविनाश खांबेटे मूळचा चिपळूणचा. मी ठाण्याचा. दोघेही आयटीआयमधून ड्राफ्ट्समन, म्हणजे इमारतींचे नकाशे काढणारे, झालेले, दोघेही जवळपास एकाच सुमाराला इथल्या एका कन्सल्टंटच्या ऑफिसात लागलेले. सुरुवातीला मुहर्रकमध्ये विमानतळाला लागून असलेल्या गल्लीत आम्ही एक खोली भाड्याने घेतली होती. विमान डोक्यावरून गेलं की बोलणं थांबवायचं आणि ते गेलं की मधल्या शब्दापासून पुढे सुरू करायचं, ही सवय आम्हाला तिथे लागली. खांबेटेच्या बाबतीत फार फरक पडत नसे, कारण तो मुळात बोलायचाच कमी. बोलला तर कामाच्या भाषेत. मंडळाच्या गणपतीला आरास झाली की सगळे वा वा करत, आणि हा मखरासमोर मान वाकडी करून म्हणे, ‘‘सेंटर लाइन डावीकडे गेलीय.’’ एका वर्षी मोदकांच्या ताटाबद्दलही तो हेच म्हणाला. तेव्हापासून वहिनी त्याला ताट दाखवायच्याच नाहीत.

पण हाताला मात्र त्याच्यासारखा माणूस नव्हता. कॉम्प्युटर येण्याआधी शेवटचं ड्रॉइंग आम्ही ट्रेसिंग पेपरवर शाईने काढायचो. नळीच्या निबाची पेनं असायची, बारीक रेघेला एक, जाड रेघेला एक. शाई सांडली किंवा रेघ पुढे गेली तर दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा घेऊन ती हलक्या हाताने खरवडायची. खरवडलं की कागद तिथे पांढुरका होतो, उजेडात धरला की लगेच दिसतो. माझी ड्रॉइंग्ज उजेडात धरली की देवीचे व्रण असावेत तशी दिसायची. खांबेटेची कोरी करकरीत. म्हणून ऑफिसात कुणाचंही ड्रॉइंग हातात आलं की तो आधी खिडकीकडे जायचा, कागद तिरका धरायचा आणि ब्लेड कुठे लागलंय ते शोधायचा. नकाशा कशाचा आहे हे नंतर. पुढे सगळं स्क्रीनवर गेलं, तो कॉम्प्युटर शिकला, शेवटी शेवटी डॉक्युमेंट कंट्रोलला, नकाशांच्या नोंदी सांभाळायला बसला. खिडकीकडे जायची सवय मात्र राहिली होती.

मुक्ता इथेच जन्मली, इथेच इंग्लिश शाळेत शिकली. पाच-सहा वर्षांची असताना वर्गातल्या कुठल्याशा मैत्रिणीचं बघून तिने बॅलेचा हट्ट धरला. वहिनींना भरतनाट्यम चाललं असतं, पण बॅले म्हणजे नक्की काय, हे आमच्यापैकी कुणालाच धड माहीत नव्हतं. खांबेटे म्हणाला, ‘‘जाऊ दे तिला.’’ बुदैयाला एका व्हिलात एक परदेशी बाई शिकवायच्या. मुहर्रकहून बुदैया म्हणजे देशाचं एक टोक ते दुसरं टोक, पण दर आठवड्याला हा तिला घेऊन जायचा. मुलगी गुलाबी बूट घेऊन आत पळायची आणि हा बाहेर, भिंतीवरून आलेल्या बोगनवेलीखाली, गाडीत बसून राहायचा. कधीकधी मीही सोबत जायचो. येताना बुदैयाच्या शेतातली ताजी भाजी घेता यायची, हा माझा स्वार्थ. बाकीच्या मुलींच्या आया आत जाऊन बसत. बाईंनीही एकदा बाहेर येऊन ‘‘कम इन, मिस्टर खांबेटे, इट्स कूल इनसाइड’’ म्हणून बोलावलं. हा हसून नको म्हणाला. वर गाडीचा एसी चालू आणि त्याच्या बाजूची काच वीतभर खाली! बाहेर आग ओकणारं ऊन. मी म्हणायचो, ‘‘अरे काच लाव की, एसी काय बुदैयाला लावतोस?’’ तो ‘‘लावतो’’ म्हणायचा आणि लावायचा नाही. आतून पियानो ऐकू यायचा, बाईंचा आकडे मोजण्याचा आवाज यायचा. तो ते ऐकत होता का? तेव्हा मला वाटायचं की त्याला एसीचा थेट वारा सोसत नाही. तो मानेला रुमालही बांधायचा, त्यामुळे तेही खरं असेल.

वर्षातून एकदा एका शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम असायचा. वहिनी जायच्या, माझी बायको जायची, एक-दोनदा मीही गेलो. खरं सांगतो, मला त्यातलं काही कळलं नाही. पण मुक्ता पंजाच्या टोकावर उभी राहायची, एवढं आठवतं. खांबेटे गाडी लावायला म्हणून जायचा तो कार्यक्रम संपल्यावरच उगवायचा. मंडळाच्या गणपतीत तिने कोळीनाच केला, तेव्हा तर त्याने पार्किंगची जबाबदारी स्वतः मागून घेतली. वहिनी चिडायच्या. ‘‘लोकांच्या गाड्या लावतायत, पोटच्या पोरीकडे बघायला वेळ नाही.’’ तो ऐकून घ्यायचा. एकदा ऑफिसात कुणीतरी विचारलं की मुलगी काय शिकते, तर म्हणाला, ‘‘काही नाही, उड्या मारते.’’ आणि त्याच आठवड्यात तिचे बूट पायाला लागतात म्हणून आत घालायला मऊ कापूस शोधत तो मला घेऊन मनामाचा अर्धा बाजार पालथा घालत होता. कुठला खांबेटे खरा, हे मला तेव्हाही कळलं नाही.

पंधरा-सोळा वर्षांची असताना मुक्ताने बॅले सोडलं. का सोडलं, तेही मला तेव्हा कळलं नव्हतं. दहावीचं वर्ष, अभ्यास, असं आम्ही गृहीत धरलं. वहिनींनी सांगितलं की ती जेवताना म्हणाली, ‘‘बाबा, आय ॲम नॉट गोइंग एनी मोअर,’’ आणि हा म्हणाला, ‘‘ठीक आहे.’’ आणखी भात घेतला. विषय संपला.

आणि त्यानंतर महिनाभरातच त्याने एक चित्र आणलं.

चित्र आणलं तेव्हा मी त्याच्याबरोबरच होतो. बुदैयाच्या एका कंपाउंडमधलं कुठलं तरी युरोपियन कुटुंब कायमचं परत निघालं होतं आणि त्यांनी घरातलं सगळं सामान अंगणात मांडून विकायला काढलं होतं. खांबेटेला टेबल लॅम्प हवा होता. लॅम्प बघता बघता तो मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या एका फ्रेमसमोर उकिडवा बसला. काळ्या शाईच्या नुसत्या रेघा. चार-पाच नर्तकी. एक खाली बसलेली, पाय पोटाशी, हात डोक्यावर गोल. बाकीच्या तिच्यामागे एकमेकींवर रेललेल्या. छाया नाही, रंग नाही, मागे भिंत की जंगल काही नाही. चेहरे शांत, बोटं मात्र आपल्या भाकऱ्या थापणाऱ्या बायांसारखी जाडजूड. मी ‘‘चल’’ म्हणालो, तर त्याने फ्रेम उचलली आणि उन्हात नेऊन तिरकी धरली. ‘‘दिघे, बघ. कुठेही ब्लेड लागलेलं नाही.’’

‘‘अरे, छापील आहे ते. ब्लेड लागलं असतं तरी तुला दिसणार कसं?’’

‘‘तरी नाही लागलेलं,’’ तो म्हणाला. लॅम्प तिथेच राहिला.

चित्राखाली परदेशी भाषेत एक ओळ होती. आमच्या ऑफिसातल्या एका लेबनीज आर्किटेक्ट बाईंनी ती वाचून सांगितली की हे स्पेनच्या एका मोठ्या आधुनिक चित्रकाराचं चित्र आहे आणि एका बॅलेवरून ते त्याला सुचलं. चित्रकाराचं नाव सांगताना त्यांचा आवाज जरा खाली आला. खांबेटेवर त्याचा काही परिणाम झाला नाही. त्याने ते नाव कधी उच्चारलंही नाही. तो कायम ‘स्पेनचा ड्राफ्ट्समन’ म्हणायचा, आपल्याच लाइनीतला कुणी सीनियर असावा तसं. बाईंना त्याने एकच प्रश्न विचारला. दुसरी शीट कुठे आहे? कारण सगळ्यात कडेला उभ्या असलेल्या मुलीच्या झग्याची रेघ कागदाच्या कडेपर्यंत येते आणि तिथे थांबते. तिचा एक पाय चित्रात नाहीच. आमच्याकडे मोठा नकाशा एका कागदावर मावला नाही की कडेला एक रेघ मारायची, मॅच लाइन, आणि पुढचा भाग दुसऱ्या शीटवर काढायचा. दोन्ही शीट जोडल्या की नकाशा पूर्ण. खांबेटेच्या मते हे उघड होतं. एवढ्या चांगल्या हाताचा माणूस पाय असा सोडून देणार नाही, तो पुढच्या शीटवर असणार. बाई हसल्या. मीही हसलो. तो हसला नाही. पुढे कितीतरी वर्षं, कुणी युरोपला जाऊन आलं की तो विचारायचा, ‘‘म्युझियममध्ये गेला होतात का? शाईचं काही दिसलं?’’ तो गंमत करत होता की खरंच शोधत होता, यावर माझं आणि माझ्या बायकोचं अजून एकमत नाही.

चित्र हॉलमध्ये लागलं, सोफ्याच्या बरोबर समोर. अर्थात सेंटर लाइन मोजून. संध्याकाळी ऑफिसहून आला की तो तिथे बसायचा, आणि टीव्ही चालू असला तरी नजर चित्रावर. मुक्ता मात्र त्या सोफ्यावर बसेनाशी झाली. ती आतल्या खोलीत जेवायची. मग शिकायला बाहेर गेली, फिजिओथेरपिस्ट झाली, मेलबर्नला स्थायिक झाली. सुट्टीला आली तरी हॉलमध्ये चित्राकडे पाठ करून बसायची. मला ते दिसायचं, पण त्याचा अर्थ मी लावला नाही. तरुण मुलांची काहीतरी तऱ्हा असते, म्हणून सोडून दिलं.

खांबेटे गेल्यावर मुक्ता आली, मग अंत्यसंस्कार इथेच उरकले. लोक येऊन गेले. वहिनींचा व्हिसा त्याच्या नोकरीवर, त्यामुळे रडायला फुरसत न देता घर आवरणं सुरू झालं. वहिनी पुण्याला भावाकडे जाणार, मुक्ता त्यांना सोडून पुढे मेलबर्नला. मी रोज संध्याकाळी जाऊन खोकी बांधायला मदत करत होतो. पस्तीस वर्षांचा संसार, पण खोकी भरायला लागलं की वस्तू आपोआप दोन प्रकारच्या होतात, न्यायच्या आणि टाकायच्या. चित्राचं कुठलंच ठरेना. वहिनी म्हणाल्या, ‘‘मुक्ता, तू ने.’’ ती म्हणाली, ‘‘नो वे, आई.’’ मग वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या आणि मी चिकटपट्टीकडे.

त्या दिवशी वहिनी आत फोनवर होत्या. मी जमिनीवर बसून खोक्यांवर मार्करने नावं घालत होतो. खांबेटेच्या घरातली खोकी, म्हणजे अक्षर नीट आलं पाहिजे, म्हणून जरा जास्तच मन लावून ‘भांडी, मोठी’ लिहीत होतो. मुक्ता येऊन मागे उभी राहिली. मला ती दिसली नाही, पण मानेला कळलं, आणि हात थबकला. मी मान न वळवता म्हणून गेलो, ‘‘मागे उभी राहू नकोस गं.’’

‘‘बाबा पण अस्संच म्हणायचे,’’ ती म्हणाली. ‘‘आय यूज्ड टु हेट इट.’’ मग ती समोर येऊन खाली बसली आणि कुठलीही प्रस्तावना न करता तिने विचारलं. ‘‘काका, ते कधीच आले नाहीत. नॉट वन्स. ऑल दोज इयर्स. मी स्टेजवरून बघायचे, आईच्या शेजारची खुर्ची रिकामी. मग मी सोडलं, आणि बाबा जस्ट म्हणाले, ठीक आहे. आणि मग हे आणून भिंतीवर लावलं! म्हणजे काय? ते मला मॉक करत होते? तुम्ही होतात ना तेव्हा तिकडे? मला खरं सांगा, त्यांना आवडायचं की नाही?’’

मी तिथे होतो हे खरं. पण तिथे असणं म्हणजे माहीत असणं नव्हे, हे तिला कसं सांगणार? मी मार्करला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. आणि मग मी जे बोलत होतो ते माझं मलाच नवीन होतं.

मी तिला सांगितलं की आमच्या ड्रॉइंग ऑफिसात एक रीत होती. कुणी लिहून ठेवलेली नव्हती, नवीन आलेल्याला कुणी शिकवायचंही नाही, दोन दिवसांत ती आपोआप कळायची. शाईने काम करणाऱ्या माणसाच्या मागे उभं राहायचं नाही. कुणी बघतंय असं कळलं की हात शुद्धीवर येतो, आणि हात शुद्धीवर आला की रेघ कापते. मग खरवडा, मग पांढुरका डाग, आणि फार खरवडलं तर भोक. इंजिनियर लोकांना हे माहीत नसायचं, ते खुशाल येऊन खांद्यावरून डोकावायचे आणि आम्ही मनातल्या मनात शिव्या घालायचो. पण ड्राफ्ट्समन ड्राफ्ट्समनच्या मागे जायचा नाही. काम असलं तर लांब, समोर उभं राहायचं, आपल्याच बोर्डाकडे बघत. त्याने पेन खाली ठेवलं की मग जायचं. आणि यात सगळ्यात कडक खांबेटे. मी शाईला बसलो की तो स्वतःचं स्टूल फिरवून माझ्याकडे पाठ करायचा. मला एकदा एका मशिदीच्या घुमटाचं ड्रॉइंग दिलं होतं, त्या पूर्ण काळात तो पाणी प्यायलादेखील माझ्या बाजूने गेला नाही, पलीकडून वळसा घालून गेला. तुझ्या बाबाने मला दिलेला एवढा मान दुसऱ्या कुणी दिला नाही, असं मी म्हणालो. ‘‘मला वाटतं, मुक्ता, तो तुझ्याकडे बघत नव्हता म्हणजे... तो तुझ्या मागे उभा राहत नव्हता.’’

मी हे बोललो आणि मला एकदम वाटलं की हेच खरं. गाडीची उघडी काच, पार्किंग, सगळं जागेवर बसलं. पुढच्याच क्षणी वाटलं, काय बोलतोय मी? ड्रॉइंग बोर्ड कुठे, स्टेज कुठे? मुलं काय नकाशे असतात? कदाचित त्या परदेशी बायांच्या घोळक्यात बसायला तो लाजत असेल. कदाचित पोर पडेल म्हणून घाबरत असेल. कदाचित त्याला खरंच कंटाळा येत असेल, आणि मेलेल्या मित्राला चांगलं म्हणायच्या भरात मी त्याला एक कारण शिवून देत असेन. खांबेटे असता तर मी त्यालाच विचारलं असतं, आणि तो ‘‘बघू’’ म्हणाला असता.

मला वाटलं मुक्ताला पटलं, आता रडेल. पण तिच्या चेहऱ्यावर राग होता. ‘‘पण काका, शाई वाळते ना?’’ ती म्हणाली. ‘‘वाळल्यावर बघायचात ना तुम्ही? मग वाळल्यावर तरी यायचं. शेवटी सगळे नमस्कार करायला स्टेजवर येतो तेव्हा, कर्टन कॉलला. आफ्टर इट्स डन. तेव्हा का नाही आले?’’

ड्रॉइंग वाळलं की खांबेटे पहिला यायचा, खिडकीपाशी न्यायचा, पोटभर बघायचा. नाच वाळतो कधी? संपला की कागदसुद्धा उरत नाही. असं काहीतरी डोक्यात आलं खरं, पण ते मी बोललो नाही. बापाची वाट बघत मोठ्या झालेल्या मुलीसमोर असली वाक्यं बोलू नयेत एवढी अक्कल मला आहे. मी फक्त म्हणालो, ‘‘यायला हवं होतं त्याने. चुकलंच त्याचं.’’ आणि तसं म्हणताना मला खांबेटेचा इतका राग आला, आणि तो नाही याचं इतकं वाईट वाटलं, की मला एकदम खोकला सुटला. त्याच्या जाण्यानंतर पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते असं खोकताना.

ती उठली, पाणी आणून दिलं. मग भिंतीपाशी गेली आणि बहुधा कितीतरी वर्षांनी तिने त्या चित्राकडे तोंड केलं. फिजिओथेरपिस्ट आहे ती, तिची नजर आधी सांध्यांवर गेली. ‘‘ही बसलीय ना, तिची हिप अशी जाऊच शकत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘आणि ह्या हाताला एल्बोच नाहीये. कुणी असं उभं राहूच शकत नाही.’’

‘‘त्याला नाही कळलं ते,’’ मी म्हणालो. ‘‘त्याला फक्त रेघ दिसायची.’’

‘‘आय नो,’’ ती म्हणाली.

खोकी सरकवून हॉलच्या मध्ये जागा झाली होती. तिने चपला काढल्या, मोजे काढले. एक हात कपाटाच्या कडेवर ठेवला, पाठ ताठ केली, आणि पाय बाहेरच्या बाजूला वळवले. चौतिशीची बाई, जीन्स, केसांत खोक्यांची धूळ. दुसरा हात हळूहळू डोक्यावर गोल गेला. तोल गेला, तिने शिवी हासडली, अस्सल मराठीत, आणि पुन्हा उभी राहिली. खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, आतून वहिनींचा फोनवरचा आवाज येत होता. आणि माझं काय झालं सांगतो. मी नजर वळवली. ठरवून नाही. इतक्या वर्षांच्या सवयीने मान आपोआप खोक्याकडे गेली आणि मी ‘भांडी, मोठी’ असं पुन्हा पुन्हा वाचत बसलो. तिच्या पायाचा फरशीवर घासल्याचा आवाज येत होता. थांबत होता, पुन्हा येत होता. मला बघायचं होतं. मान वर होत नव्हती.

‘‘काका,’’ मुक्ता म्हणाली. ‘‘बघा ना.’’

मी मान वर केली आणि ती थांबेपर्यंत बघत राहिलो.